आजी शेवटची धड कधी दिसली, ते विचार

चि. मंगेश,

अनेक आशीर्वाद. रोवणं संपत आलं. बांध्यांत पाणी बरं आहे, बाबांची तब्येतही ठीक. आता कामाचं लिहिते.

आखाडीनंतर आपल्या मोहल्ल्यातल्या एका आजीला लकवा मारला. सकाळी उठली ती तोंड वाकडं, उजवा हात लुळा. घरच्यांनी आधी मालिश केली, मग जडीबुटीवाल्याकडे नेलं. मी गावची आशा, तरी मला निरोप आला दुपारी. १०८ बोलावून पाठवलं. तुमच्या दवाखान्यात विचारलं, "कधी झालं?" मुलगा म्हणाला, "झोपेत झालं, काय माहीत." पुढं कोणी काही विचारलंच नाही. आजी घरी आली, पण अजून बोलत नाही.

बाळा, तूच मला समजावलंस की मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकून झालेला लकवा आणि मेंदूत रक्तस्राव होऊन झालेला लकवा बाहेरून सारखाच दिसतो आणि दोन्हीचा इलाज उलटा, म्हणून डोक्याच्या सीटी स्कॅनशिवाय गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही. ते साडेचार तासांत द्यायचं. मोठ्या नसेतली गुठळी मात्र काही जणांत जांघेतून तार घालून चोवीस तासांपर्यंत काढता येते. २०१८ सालच्या डॉन नावाच्या अभ्यासात सहा ते चोवीस तासांतले २०६ रुग्ण होते. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के तीन महिन्यांनी आपलं आपण करू लागले, नुसत्या औषधावरच्यांत १३ टक्के. त्यात झोपेतून उठल्यावर लकवा दिसलेले पुष्कळ होते. मेंदूचा किती भाग मेला हे स्कॅनवर पाहून आणि लकवा किती जोराचा आहे त्याच्याशी ताडून त्यांना निवडलं होतं. म्हणजे "झोपेत झालं" म्हणून कोणाला सोडून द्यायचं नाही.

हे तासांचं घड्याळ माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून धरतात ना? मग आपल्या लोकांना तेच विचार, आणि त्यांना कळेल असं विचार. "रात्रीची एसटी गेली तेव्हा बोलत होती का? पहाटे बाहेर जाऊन आली तेव्हा चाल कशी होती? चूल कोणी पेटवली?" आजीच्या सुनेला मी असंच विचारलं. म्हणाली, चार वाजता आजीनंच कोठ्यातल्या ढोरांना चारा टाकला. तुमच्या कागदावर हे कुठंच नव्हतं.

आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात सर्च संस्थेच्या लोकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची नोंद ठेवली होती. सातातला एक मृत्यू लकव्याचा निघाला, आणि त्यातले बहुतेक जण घरीच वारले. हे वाचल्यापासून मला चैन नाही. बीपीच्या गोळ्या कोण मधेच सोडतं, ते मी दारोदार पाहते आहे. तोंड वाकडं, हात लुळा, बोली अडखळली की आधी १०८, मालिश नाही, हेही सांगते.

तू एवढं कर. रात्री-बेरात्री सीटी कुठं चालू असतो आणि गुठळी काढणारे डॉक्टर नागपुरात कुठल्या सरकारी दवाखान्यात आहेत, ते नंबरासकट लिहून पाठव. मी ते गटाच्या सगळ्या आशांना देते, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घेते.

तुझी आई