ओढ्याचं पाणी स्वच्छ करून मगच पंचगंगेत सोडूया : ग्रामस्थांना आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

प्रयाग चिखलीच्या संगमापासून निघालेली पंचगंगा आपल्या शिवाराला लागून पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वाडीला आलेले भाविक त्याच पाण्यात स्नान करतात, ओंजळीत तीर्थ घेतात. आपल्या गावातलं मोरीचं, धुण्याभांड्याचं, गोठ्याचं सगळं पाणी मात्र ओढ्यातून जसंच्या तसं नदीत जातं. उन्हाळ्यात धार आटली की केंदाळ माजतं, मेलेले मासे काठाला लागतात. तेव्हा आपण वरच्या शहरांना जाब विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. 2012 साली इचलकरंजीत काविळीच्या साथीत माणसं दगावली, हे या भागात कुणी विसरलेलं नाही. पण आपल्या खाली जी गावं आहेत, त्यांनी आपल्याला जाब विचारला तर काय सांगायचं?

म्हणून ओढा नदीला मिळण्याआधीच, गायरानाच्या कडेला, सांडपाणी शुद्ध करण्याचं काम ग्रामपंचायतीनं हाती घेतलं आहे.

आधी जाळीत प्लास्टिक, चिंध्या अडतील आणि टाकीत गाळ खाली बसेल. पुढच्या टाकीत तळाशी भोकं पाडलेल्या नळ्या असतील, त्यांतून ब्लोअरनं हवा सोडायची. ओढ्याला वास येतो तो पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळं. हवा मिळाली की घाण खाणारे जिवाणू जोमानं वाढतात आणि साबण, अन्नाचे कण, शेणाचा अंश फोडून टाकतात. तिथून पाणी गाळणीत येईल : सगळ्यात वर वाळू, मग कोळसा, खाली बारीक खडी आणि तळाला मोठे गोटे. शेवटी कर्दळीच्या वाफ्यातून ते नदीकडं जाईल. हे पाणी पिण्याजोगं होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. रासायनिक रंगाचं किंवा कारखान्याचं पाणीही या पद्धतीनं शुद्ध होत नाही, तसलं काही ओढ्यात सोडू देऊ नका.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत निधी मिळतो. त्यात वित्त आयोगाच्या पैशाची भर घालून बांधकाम उभं राहील. खरी अडचण त्यानंतरची आहे. ब्लोअरचं वीजबिल दर महिन्याला येणार. वाळूचा वरचा थर गाळानं बुजतो, तो वेळच्या वेळी खरवडून धुवावा लागतो. गाळाची टाकी उपसावी लागते. चार महिने हे झालं नाही तर टाक्या नुसत्या डासांची पैदास करतील, आणि ते आपल्याला गावात नको आहे. त्यासाठी एक माणूस कायम पगारावर ठेवायचा आहे.

म्हणून घरटी वर्षाला 500 रुपये द्यावेत, ही विनंती. ज्यांना झेपत नाही त्यांनी दोन दिवस श्रमदान करावं, त्याचं मोल तेवढंच धरलं जाईल. खडी, गोटे, कोळसा, ट्रॅक्टरची खेप, जेसीबीचे तास, ज्याच्याकडं जे असेल ते चालेल. गवंडी आणि वायरमन मंडळींनी आपली मजुरी थोडी कमी लावावी. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी ब्लोअरचा खर्च उचलला तर मोठा भार हलका होईल. सौर पॅनेल कुणी दिलं तर वीजबिलाचा प्रश्नच बराचसा सुटेल.

माताभगिनींना एक वेगळी विनंती. खरकटं आणि चहाचा चोथा मोरीत टाकू नका, तळणीचं तेल तर अजिबात नको. तेलकट पाण्यानं वाळू फार लवकर बुजते. गोठेवाल्यांनी शेण उकिरड्यात किंवा गोबरगॅसला टाकावं. आणि शौचालयाच्या टाकीची नळी कुणी गटारीला जोडली असेल तर ती काम सुरू होण्याआधी काढून शोषखड्ड्याला जोडावी. त्यासाठी मदत लागली तर पंचायत करेल.

रक्कम ग्रामपंचायत कार्यालयातच भरावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. जमा-खर्च दर महिन्याला चावडीच्या फलकावर लागेल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता ओढ्याकाठची झुडपं काढायची आहेत, कोयता आणि खोरं घेऊन यावं.

आपली,
ग्रामपंचायत व ग्राम पाणीपुरवठा आणि स्वच्छता समिती