कोणता कप, कुठली वाटी?

मा. संपादक,

दिवाळी-नाताळ जवळ आले की पुरवण्यांत केक-नानकटाईच्या कृती येतात. साहित्यात मात्र 'दोन कप मैदा, एक वाटी साखर'. कोणता कप? अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, आपल्याकडच्या संचातला बहुधा २४०चा. वाटीचे तर विचारूच नका.

त्याहून मोठी फसगत भरण्यात होते. २४० मिलिलिटरच्या कपात चमच्याने हलका भरून सुरीने सपाट केलेला मैदा साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांत ६० ग्रॅम जादा, म्हणजे चक्क अर्धा कप! मग केक कोरडा होतो, वरून फुटतो आणि बोल लागतो ओव्हनला. त्याच कपात साखर सुमारे २०० ग्रॅम, पिठीसाखर १२०, लोणी २२५, तेल २२०. साखरेच्या जागी कपभर पिठीसाखर घातली की गोडी उतरलीच.

सुरगाणा-पेठकडच्या नागलीची (नाचणीची) बिस्किटे करणाऱ्यांनी मैद्याचा आकडा नागलीला लावू नये. दळण बारीक की जाड, यावर कपातले वजन बदलते. आपल्या पिठाचा एक कप तोलून आकडा डब्यावर लिहावा.

सोडा, बेकिंग पावडर मात्र ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यानेच घ्यावी. घरगुती काट्याला दोन-तीन ग्रॅम नीट कळत नाहीत.

कृती छापताना ग्रॅम आधी द्यावेत आणि कप दिलाच तर तो किती मिलिलिटरचा तेही.

– बेकरी व्यावसायिक, नाशिक