गोधडीची उलटी बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गोधडी शिवणाऱ्यांच्या मंडळांविषयी अधूनमधून मजकूर येतो, त्याबद्दल आभार. मात्र तो बहुधा ‘टाकाऊतून टिकाऊ’ किंवा ‘फावल्या वेळातील छंद’ अशा मथळ्याखाली असतो आणि छायाचित्राखाली ‘सदस्यांनी साकारलेल्या रंगीबेरंगी गोधड्या’ एवढीच ओळ असते. कोणती गोधडी कोणाची आणि ती शिवायला किती महिने लागले, हे कळत नाही. मी स्वतः अशा एका मंडळाची बरीच वर्षे सदस्य आहे, म्हणून आमच्या बैठकीत नेमके काय घडते ते कळवीत आहे.

नुकतेच पुरे झालेले काम घेऊन यायचे आणि सर्वांसमोर उलगडायचे, एवढाच बैठकीचा नियम. दोघी जणी वरचे कोपरे धरतात आणि जिची गोधडी ती बाजूला उभी राहून सांगू लागते. पुढच्या बाजूचे कौतुक होते न होते तोच मागून आवाज येतो, ‘आता उलटी करा.’ खरी बैठक तेथून सुरू होते, कारण उलट्या बाजूला रंगसंगतीचा आधार नसतो. धावदोरा एकसारखा पडला आहे की मध्येच लांबला आहे, दोऱ्याची गाठ मधल्या थरात ओढून घेतली आहे की अस्तरावर तशीच राहिली आहे, गोट, म्हणजे कडेची पट्टी, कोपऱ्यावर नीट दुमडला आहे की ओढूनताणून बसवला आहे, हे तेथे लपत नाही.

मध्यंतरी एका सदस्येने अस्तर न लावलेला नुसता वरचा थर आणला. तिची १६ तुकड्यांची प्रत्येक ओळ ठरल्यापेक्षा जवळजवळ २ इंच आखूड भरत होती आणि कापलेले तुकडे पुन्हा पुन्हा मोजूनही चूक सापडत नव्हती. एका मुरलेल्या सदस्येने थर उलटा करून पट्टी लावली. शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कापडाची कड, पाव इंचाऐवजी अर्ध्या सुताने जास्त धरली गेली होती. दोन्हीकडचे तुकडे मिळून दर शिवणीत एक सूत जास्त जात होते आणि १६ तुकड्यांना १५ शिवणी, म्हणजे १५ सूत. इंचाला आठ सूत धरले की हिशेब लागतो. माझी फजिती याहून साधी. गडद लाल कापड आधी न भिजवता मी पांढऱ्याशेजारी जोडले आणि पहिल्याच धुण्यात पांढरे चौकोन गुलाबी झाले. ती गोधडी न्यावीशी वाटत नव्हती. नेली, आणि त्यानंतर बऱ्याच जणी लाल कापड आधी भिजवून पाहू लागल्या.

हे सारे बोलले जाते आणि हवेत विरते, याची मला खरी चुटपुट आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांची एक गोधडी १८८६ साली त्याच राज्यातील अथेन्स शहरातल्या प्रदर्शनात मांडली गेली होती. ती पाहून जेनी स्मिथ या चित्रकला शिक्षिकेने विकत मागितली, तेव्हा पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे हलाखीच्या दिवसांत त्यांना ती अवघ्या ५ डॉलरना द्यावी लागली. विकल्यानंतरही त्या ती पाहायला जात असत. देताना त्यांनी प्रत्येक चौकटीतला प्रसंग समजावून सांगितला आणि स्मिथ यांनी तो लिहून घेतला. आज ती गोधडी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. बोस्टनच्या कला संग्रहालयातील पॉवर्स यांच्या दुसऱ्या गोधडीच्या १५ चौकटींचे वर्णनही असेच टिकले. त्यांतील एका चौकटीत १८३३ च्या नोव्हेंबरमधील उल्कावर्षाव आहे आणि दुसरीत १७८० च्या मे महिन्यातील भरदिवसा अंधारलेला एक दिवस. वर्णन हाती नसते, तर कापडाच्या त्या चांदण्या कोणत्या रात्रीच्या, हे कोण सांगू शकले असते? गोधडी शिवणाऱ्या असंख्य हातांना मात्र जेनी स्मिथ भेटली नाही.

आमच्या मंडळात मी अलीकडे आग्रह धरला आहे, की प्रत्येकीने अस्तराच्या कोपऱ्यात कापडी पट्टी शिवून तीवर नाव, साल आणि गोधडी कोणासाठी शिवली ते टिकाऊ शाईने लिहावे, आणि दाखवताना जे सांगितले जाईल ते वहीत उतरवून घ्यावे. काही जणींना यात मिरवणे वाटते. ‘नाव काय घालायचे, घरातल्याच वापराची तर आहे,’ असे त्या म्हणतात. मला ते पटत नाही.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा, की अशा बैठकीची बातमी देताना शिवणारीचे नाव आणि तिने सांगितलेल्या दोन ओळी छापाव्यात. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा मथळा कृपया वगळावा, कारण आमच्यापैकी अनेक जणी नवे कापड महिनोन् महिने निवडून आणतात. शिवाय जागा असेल तेव्हा गोधडीच्या उलट्या बाजूचेही एक छायाचित्र द्यावे. जाणकार वाचक तेच आधी पाहतील.

आपली विश्वासू,
एक वाचक