सुमे, एका दातापायी

मेरीलँड, रविवार रात्र

प्रिय सुमे,

सात महिन्यांत एक ओळ नाही. रागावली असशील तर आधी रागावून घे, मग पुढे वाच. आम्ही सगळे बरे आहोत, माझा गुडघासुद्धा.

आज जे झालं ते तुलाच सांगता येईल. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, एवढ्याशा दातासाठी काय!

कालच्या वादळानंतर सकाळची ओहोटी गाठून कॅलव्हर्ट क्लिफ्सला गेले. रानातून तीनेक किलोमीटर चाललं की चेसापीक उपसागराचा किनारा. कडे ढासळतात म्हणून त्यांच्याखाली जायला बंदी आहे. पण पडलेली माती लाटा धुतात आणि शार्कचे पुरातन दात वाळूवर येतात. शार्कला हाडं नसतात गं, सांगाडा कूर्चेचा, तो कुजून जातो. दात मात्र जन्मभर पडतात नि उगवतात, हजारोंनी. त्यामुळे बारके दात मला दर खेपेला मूठभर मिळतात. पण हेमिप्रिस्टिस नावाच्या शार्कचा मोठा, मुळासकट, कुठेही न तुटलेला? त्याच्यासाठी सहा वर्षं मान खाली घालून चालतेय.

पाण्याच्या कडेला खडीचा पट्टा असतो, तिथे चाळत बसले होते. शेजारी सहा-सात वर्षांचा मुलगा. त्यानं पायाचा अंगठा लावून विचारलं, "हे काय आहे?" पाहिलं आणि काळीज धडधडायला लागलं. काळपट, वाकडा, दोन्ही कडांना करवतीचे दाते. आणि मी म्हणाले, "काही नाही, दगड आहे." तो वळला. मी उचलून खिशात घातला.

तू म्हणशील, वाघोली. म्हण. तिथल्या खाणीतला निळा ठिपका कुणी आधी पाहिला यावर आपण दहावीपर्यंत भांडलो. आप्पा मध्ये पडले नसते तर तू माझ्या सायकलची हवा सोडली असतीस. सोडलीच होतीस, पण ती भूगोलाच्या वहीवरून! तो निळा खडा, कॅव्हनसाइट, अजून कापसात आहे माझ्याकडे. आणि तूच आधी पाहिला होतास, मला माहीत होतं. पण तेव्हा मी नुसता हात पुढे केला होता. आज खोटं बोलले, तेही लेकराशी.

अर्ध्या रानातून परत फिरले. तोवर पाणी चढलं होतं, ती माणसं निघून गेली होती. त्याच्या आईच्या हातात लाल बादली होती, एवढंच आठवतं.

दात ओट्यावर ठेवलाय. दीडेक कोटी वर्षांपूर्वीचा असावा. त्याचा भाऊबंद अजून आपल्या अरबी समुद्रात आहे. तुझ्या सासरी मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण होतं तेव्हा जबडा आला तर टाकू नकोस, माझ्यासाठी ठेव. चहाला गेले तरी दात दिसतो, आणि तो वाळूने माखलेला अंगठा.

पुढचे काही रविवार तिथे जाऊन बसणार आहे. भेटला तर दात हातावर ठेवून नाव सांगेन. हेमिप्रिस्टिस, वरच्या जबड्यातला, तुला सापडलेला. नाही भेटला तर? सुमे, तुला तेव्हा काय हवं होतं गं? तो दगड, की मी "तू आधी पाहिलास" म्हणणं? खरं लिही.

चिन्मयची परीक्षा कशी झाली? गच्चीची गळती थांबली का? आईंना नमस्कार.

तुझी
नीलू