वहीत बरोबरची खूण करणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं थोड्या ओळखीतही कळलंय. मिरजेत ज्यांनी तुमच्याकडून कॅमेरे बसवून घेतलेत, दुकानात नेटची वायर ओढून घेतली आहे, ते ओळखतीलच. काम झालं, पैसे दिले, चहा झाला, तुम्ही गेलात. तरी काहीतरी द्यायचं राहिलंय असं सारखं वाटतंय, म्हणून हे पत्र. आणि चारचौघांत लिहितेय ते मुद्दाम. माझ्या आईला ज्यांनी ज्यांनी गप्प बसवलं, त्यांच्यापैकी कुणाच्या वाचनात आलं तर येऊ दे.

आई काय करते हे तुम्ही पाहिलंत. वरच्या खोलीत सतरंजी टाकून गाणं शिकवते. २०२० साली सगळं बंद झालं तेव्हा तिनं लॅपटॉपवर शिकवायला सुरुवात केली आणि मग ते थांबलंच नाही. आज तिच्यासमोर चिपळूणची पोर असते, दुबईची असते, टोरांटोत नोकरी करणारा एक बाप्या असतो. ऑफिसच्या मीटिंगपेक्षा हे काम फार वेगळं आहे, आणि हे मी इतक्या जणांना फोनवर सांगून थकले की इथे एकदा नीट लिहिते. मीटिंगमध्ये दोन शब्द गळले तर माणूस विचारतो, काय म्हणालात? गाण्यात गळलेलं गळलं हेच शिकणाऱ्याला कळत नाही. आवाज पोचायला वेळ लागतो म्हणून दोघांना बरोबरीनं गाता येत नाही, आई आधी ओळ म्हणते आणि समोरचा मागून. यमन रागात ती मंद्र निषादावरून, म्हणजे खालच्या सप्तकातल्या नी वरून निघते, रे, ग, तीव्र मध्यम असं करत पंचमाला जाते आणि हळूहळू उतरते. मधेच जोडणी काही क्षण तुटली की पोरीला ऐकू येतं ते निघणं आणि एकदम परतीचं ग रे सा. मधली सगळी वाट नाहीशी. आणि पोरगी तेच घोकत बसते. पुढच्या आठवड्यात आईला ते खोडून काढावं लागतं, आणि गाण्यात शिकवण्यापेक्षा खोडणं अवघड.

वरच्या खोलीत वायफाय पोचत नाही, भिंती जुन्या, जाडजूड. म्हणूनच तर खालच्या राउटरपासून वायर घेतली होती. वायर असून तुटतंय, आणि पाऊस लागला की जास्त तुटतंय, हे आई पहिल्यापासून सांगत होती. अगदी याच शब्दांत.

कंपनीच्या फोनवर तिला काय उत्तरं मिळाली ती आता पाठ झालीत. राउटर बंद करून चालू करा. आमच्याकडून सिग्नल ओके दिसतोय. वायफायवर स्पीड चेक करून स्क्रीनशॉट पाठवा, आणि ही तर वायरची तक्रार करतेय! मग मोठा प्लॅन घ्या म्हणाले. तोही तिनं घेतला, दोनशे एमबीपीएस वेगाचा. एकदा घरी माणूस आला. त्यानं राउटरकडे वाकून पाहिलं, दिवा लागलाय म्हणजे चालू आहे म्हणाला, आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. आईनं विचारलं, पण वायर नीट चाललीय का हे कुठे दिसतं? त्यावर तो म्हणाला, "आजी, घरात कुणी कळणारं माणूस नाही का?"

मी पुण्यात होते. आईनं हे मला लगेच सांगितलंही नाही. सांगितलं तेव्हा आवाज असा होता, जणू चूक तिचीच.

त्यानंतर तिनं वही केली. तुम्ही पाहिलीत ती. विद्यार्थ्यांच्या हजेरीच्या वहीची मागची पानं. तारीख, वेळ, कोणाचा वर्ग, किती वेळ तुटलं, पाऊस होता की नव्हता. तिच्या त्या रेखीव अक्षरात, शाईच्या पेनानं. पुढच्या खेपेला आलेल्या माणसानं ती वही हातातसुद्धा घेतली नाही. हसला. मी तेव्हा घरी आले होते, समोरच उभी होते, आणि ते हसू अजून विसरले नाही.

आता तुमच्याकडे येते. शेजारच्यांच्या कॅमेऱ्याचं काम करायला आला होतात, तिथून त्यांनी पाठवलं. चपला बाहेर काढल्यात, सतरंजीवर आईच्या समोर बसलात आणि पहिला प्रश्न विचारलात तो मला नाही, तिला. "काकू, राउटर शेवटचा कधी बंद-चालू केला? आज नसेल केला तर करू नका." आम्ही दोघी बघतच राहिलो, कारण इतके दिवस सगळे नेमकं तेच करायला सांगत होते. तुम्ही समजावलंत की राउटर आत एक नोंद ठेवतो, कुठल्या पोर्टची, म्हणजे वायर खोचायच्या खाचेची, जोडणी कधी तुटली आणि कधी लागली. पण बहुतेक घरगुती राउटर ती नोंद तात्पुरत्या मेमरीत ठेवतात, बंद केला की पुसली जाते. म्हणजे दर फोनला ते लोक आईकडूनच पुरावा पुसून घेत होते! हे कळल्यावर मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. मुद्दाम करत होते असं मी म्हणत नाही. त्यांना ती नोंद बघायचीच नव्हती, एवढंच.

तुम्ही लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलंत. पोर्टांची यादी आली. त्यात वरच्या खोलीची वायर ज्या पोर्टात होती त्याच्यापुढे लिहिलेलं होतं, चालू, १०० एमबीपीएस. पोर्ट हजारचा, लॅपटॉपही हजारचा, आणि दोघांचं जमलेलं शंभरावर. एवढीशी ओळ. ती उघडायला कुठलं यंत्र लागत नव्हतं, वायर तोडावी लागत नव्हती, आणि इतक्या जणांपैकी कुणीही ती वाचली नव्हती. दोनशेचा प्लॅन घेऊनही वेग पंच्याण्णवच्या वर का जात नव्हता, याचं उत्तर तिथेच होतं. शंभरच्या जोडणीवर चाचणीत तेवढेच मिळतात, प्लॅन पाचशेचा घेतला असता तरी.

मग तुम्ही नोंदीचं पान उघडलंत आणि म्हणालात, "काकू, तुमची वही द्या."

दादा, मला आभार मानायचे आहेत ते या एका गोष्टीचे. बाकीचं काम तुमचं होतं, ते तुम्ही उत्तम केलंत, त्याचे पैसे घेतलेत. हे कामात नव्हतं. पोर्टाची ओळ पाहिल्यावरच तुम्हाला रोग कळला होता, वही बघायची काही गरज नव्हती. तरी तुम्ही ती मांडीवर घेतलीत, चष्मा लावलात, आणि एकेक ओळ वाचलीत. स्क्रीनवर बोट, वहीवर बोट. चार वाजून दहा मिनिटं, दुबईचा वर्ग, पाऊस. राउटरच्या नोंदीत चार दहाला लिंक डाउन, लगेच लिंक अप, शंभर. तुम्ही आईचंच पेन मागून घेतलंत आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केलीत. मग पुढची. मग त्याच्या पुढची. नोंद आदल्या दिवसापासूनचीच शिल्लक होती, पण तेवढ्या वेळातली आईची एकही ओळ चुकली नव्हती. शेवटच्या खुणेनंतर तुम्ही वही तिच्याकडे परत दिलीत, दोन्ही हातांनी, आणि म्हणालात, "काकू, तुम्ही बरोबरच सांगत होतात. आमच्या लोकांनी ऐकायला पाहिजे होतं."

आमच्या लोकांनी. त्यातला एकही माणूस तुमचा नव्हता. तुम्ही त्या कंपनीचे नाही, त्यांच्याशी तुमचा काही संबंध नाही. तरी या धंद्यातला माणूस म्हणून त्यांचं उणं तुम्ही आपल्या अंगावर घेतलंत. आईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. तिच्या वहीला कुणी अशी खूण केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही शिडी आणायला खाली गेलात तेव्हा ती पदरानं डोळे पुसत होती, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

पुढचं थोडक्यात. तुमच्याजवळची छोटी वायर लावल्यावर तोच पोर्ट, तोच लॅपटॉप, आणि आकडा १०००. म्हणजे दोष मधल्या वायरीत. वरच्या खिडकीच्या सज्जाखाली दोन तुकडे जोडून वर काळी टेप गुंडाळलेली निघाली, कनेक्शन देताना केलेली. टेप सोडवली तर आतले पिन हिरवट पडलेले. हजारच्या वेगाला वायरीतल्या आठही तारा, म्हणजे चारही जोड्या शाबूत लागतात. शंभरला नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोनच पुरतात. आमची तपकिरी जोडी जवळजवळ गेलेलीच होती, आणि दमट हवेत नारिंगीचाही संपर्क सुटायचा, तेव्हा सगळंच तुटायचं. परत लागताना राउटर हजारला बघायचा, जमायचं नाही, मग शंभरावर यायचा. दिवा दोन्ही वेळा लागलेलाच. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे तंबोऱ्यासारखंच की. चार तारा, त्यातली एक उतरली तर बाकीच्या तीन लागून काय उपयोग?" आणि तुम्ही हसून म्हणालात, आता पुढच्या गिऱ्हाईकाला मी असंच सांगणार.

तुम्ही गेल्यावर मी वाचून काढलं. तांब्याच्या वायरीवरून हजारचा वेग नेण्याचं मानक १९९९ सालचं आहे. म्हणजे हे ज्ञान कुणाला माहीत नसावं इतकं नवं नाही. घराघरांत वायरी ओढत फिरणाऱ्याला तर ते असायलाच हवं. पण मला वाटतं अडचण ज्ञानाची नव्हतीच. त्या माणसाला चार जोड्या ठाऊक असत्या तरी त्यानं आईला विचारलं असतं, घरात कळणारं कुणी नाही का. समोरच्या बाईला कळतंय हे मानायची तयारी शिकवणीत मिळत नाही.

आणि आपल्या गावात तरी हे सांगावं लागू नये. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरांत लाकडाबद्दल, भोपळ्यांबद्दल पुष्कळ छापून आलं. पण लहानपणापासून मी त्या दुकानांत बघत आलेय ते वेगळंच. जवारी लावणारा, म्हणजे तारांचा नाद मोकळा करणारा कारागीर तारा टेकतात त्या घोडीवर दोन हात मारतो, तारेखालचं सूत जरा सरकवतो, आणि वाद्य गाणाऱ्याच्या हातात देतो. ऐका, म्हणतो. गाणारा म्हणाला अजून मोकळं नाही, की मुकाट्यानं परत घेतो, पुन्हा घासतो. गिऱ्हाईक म्हातारं आहे की बाई आहे की पंधरा वर्षांचं पोर आहे, हे बघत नाही. ज्याला रोज ते वाजवायचंय त्याच्या कानावर त्याचा विश्वास असतो. तुम्ही त्याच जातीचे कारागीर आहात. आजकाल प्रत्येक दुरुस्तीला तक्रार क्रमांक असतो, मेसेज येतो, पाच तारे द्या म्हणतात. ज्याचं दुखतंय त्याला बसून विचारणारा माणूस मात्र शोधावा लागतो. असा माणूस दवाखान्यात भेटो, बँकेत भेटो, एसटीच्या खिडकीवर भेटो, त्या घरात त्याचं नाव वर्षानुवर्षं निघतं. आमच्या घरात तुमचं निघतं.

नवी वायर पाइपातून आणलीत ती उत्तम चाललीय. खिडकीशी वायरीला खाली वळसा सोडून ठेवलात, पाणी आत न शिरता तिथूनच गळून पडावं म्हणून, तो आई प्रत्येक येणाऱ्याला दाखवते. पोर्टाचं ते पान तिला आता स्वतःला उघडता येतं. वर्गाआधी तंबोरा लावते आणि तो आकडा बघून घेते. मोठा प्लॅन पुढच्या महिन्यापासून कमी करतोय, तिच्या कामाला तेवढा लागत नाही हेही तुम्हीच सांगितलंत, आणि सांगितलं नसतं तरी चाललं असतं. टोरांटोच्या विद्यार्थ्यानं विचारलं, बाई, एवढ्यात आवाज इतका स्वच्छ कसा? तर तिनं तुमच्याबद्दल इतकं सांगितलं की त्या दिवशी वर्ग उशिरा सुरू झाला.

एक काम आहे. मागच्या गल्लीत पोस्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत, त्यांच्या टीव्हीच्या खोलीतली वायर अशीच दगा देतेय, आणि त्यांनाही दिवा लागलाय असंच सांगून माणूस निघून गेलाय. त्यांना तुमचा नंबर दिलाय. फोन करतील. त्यांना जरा कमी ऐकू येतं, तेवढं मोठ्यानं बोला.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या वहीवाल्या काकूंची मुलगी