चादरीची घडी मोडून दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या वडिलांचा फोटो मोबाइलवर दिसला आणि हातातला चहा तसाच राहिला. फोटो आमच्याच घरातला, देवघराशेजारच्या भिंतीवरचा. मागे बासरी वाजत होती आणि खाली अक्षरं सरकत होती : ‘दोनशे वर्षांपासून हातमागावर. या आजोबांनी लग्नात आजीला स्वतः विणून दिलेली पहिली चादर...’

आम्ही घरी तेलुगू बोलतो, वडिलांना नायना म्हणायचो. नायनांनी आयुष्यात हातमाग चालवला नाही. ते गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं. कामाचा भरवसा राहिला नाही तेव्हा आईच्या पाटल्या मोडून त्यांनी जुने दोन यंत्रमाग घेतले. आज सोलापुरात माझ्याकडे चादरीचे आठ यंत्रमाग आहेत, ते त्या दोनातूनच झाले. लग्नातल्या चादरीची गोष्ट आईने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ती काही बोलली नाही, नुसती आत निघून गेली. ते मला अजून विसरता येत नाही.

ही चित्रफीत बनवणारी कंपनी मीच नेमली होती. ऑनलाइन माल खपवून देतो म्हणाले, तीन महिन्यांचे छत्तीस हजार घेतले. ‘घरातले जुने फोटो पाठवा, लोकांना गोष्ट आवडते’ म्हणाले म्हणून फोटोही मीच पाठवला. त्यामुळे दोष निम्मा माझा आहे. चित्रफीत जवळजवळ दोन लाख लोकांनी पाहिली. त्यातून मागण्या आल्या त्रेचाळीस, आणि त्यातल्या एकोणीस चादरी परत आल्या. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी फोन केला. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, “तुम्ही हातमाग म्हणालात म्हणून मी घेतली. ही यंत्रमागाची आहे ना?” मी हो म्हणालो आणि पैसे परत केले. त्याच पुढे म्हणाल्या, “चादर चांगली आहे हो. खरं सांगितलं असतंत तरी घेतली असती.”

त्या वाक्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आपल्या दैनिकात यंत्रमागाच्या मंदीच्या बातम्या येतात. सुताचे भाव, विजेचं बिल, कामगार मिळत नाहीत, हे सगळं खरंच आहे. पण गिऱ्हाईक आता नवी पेठेच्या बाजारात येऊन चादर चाचपून घेत नाही, ते मोबाइलवर बघतं. तिथे आपण त्याला काय सांगतो, यावर आपल्या धंद्याचा निम्मा भार आहे. याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बोललं तर ‘रील बनवा’ एवढंच सांगतात.

नायना दुकानात बसायचे तेव्हा गिऱ्हाइकापुढे चादरीची थप्पी कधी ठेवत नसत. एक चादर घ्यायचे आणि तिची घडी मोडायचे. एक टोक स्वतःकडे, दुसरं गिऱ्हाइकाच्या हातात. मग चादर उलटी करायचे. आपली चादर दुपदरी विणीची, एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल. ते बघताना माणूस हमखास बोट फिरवायचा. मग नायना सांगायचे, पहिले दोन वेळा वेगळी धुवा, गरम पाणी घालू नका, सावलीत वाळवा. कुणी घासाघीस केली तर कमी वजनाची चादर शेजारी ठेवून दोन्ही हातांत एक एक द्यायचे. एवढीच त्यांची जाहिरात. घडी मोडलेली चादर विकली गेली नाही तर पुन्हा घडी घालायचं काम आमच्याकडे, आणि ते कंटाळवाणं होतं, पण ते म्हणायचे की बंद घडीवर विश्वास ठेव असं लोकांना कशाला सांगायचं?

मोबाइलवर नेमकं हेच करायचं आहे, हे माझ्या धाकट्या मुलीला माझ्याआधी कळलं. ती संगणक अभियांत्रिकीला आहे. कंपनीचं काम बंद केल्यावर तिने एक वही केली आणि महिनाभर जो फोन येईल, जो मेसेज येईल, त्यातला प्रश्न त्यात उतरवला. शंभराच्या वर प्रश्न झाले, पण फिरून फिरून तेच. रंग जातो का? वजन किती? डबल बेडला पुरेल का? धुतल्यावर आटते का? बाजारात याच नावाची निम्म्या भावात मिळते, मग तुमची महाग का? आमच्या आजोबांबद्दल एकानेही विचारलं नव्हतं.

मग तिने एकेका प्रश्नाला एकेक छोटी चित्रफीत केली. वजनाला धान्याचा साधा तराजू. आमची साठ बाय नव्वद इंची चादर त्यावर ठेवली आणि काटा दिसेल असा फोन धरला. रंगाला बादली, नवी कोरी चादर आणि सोबत माझा पांढरा रुमाल. पहिल्या धुण्यात पाणी थोडं लाल झालं, तेही तिने कापलं नाही. मी म्हटलं, हे काढ, लोक पळतील. ती म्हणाली, “पप्पा, घरी गेल्यावर त्यांना दिसणारच आहे.” दुसऱ्या धुण्याचं पाणी स्वच्छ होतं आणि रुमाल पांढराच राहिला, तेही त्यात आहे. ही चित्रफीत चार हजार लोकांनीही पाहिली नसेल. पण दोन महिन्यांत तिच्यावरून साठएक मागण्या आल्या, आणि परत आली एक, तीही लांबी कमी पडली म्हणून.

सगळ्यात जास्त मी शिकलो ते दुय्यम मालावरून. विणताना ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला आणि वेळेत सांधला गेला नाही तर चादरीवर उभी रेघ उमटते. असा माल आम्ही गपचूप वेगळा काढून घाऊक व्यापाऱ्याला देत होतो. मुलीने तो खिडकीजवळ उजेडात धरला, रेघेवर बोट ठेवलं, रेघ का पडते ते सांगितलं आणि किंमत तीस टक्के कमी लावली. पंचवीस चादरी दोन दिवसांत गेल्या. त्यातल्या काहींनी पुढे चांगल्या मालाचीही मागणी दिली. आपला दोष जो स्वतः दाखवतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर लोक विश्वास ठेवतात, हे मी पन्नाशी उलटल्यावर शिकलो.

आता गोष्टीचं. गोष्ट सांगू नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. गोष्टीशिवाय चादर म्हणजे नुसतं सूत. पण आपल्या मागावर इतक्या खऱ्या गोष्टी पडल्या आहेत की खोटी रचायला वेळ कुठून मिळतो, याचं मला नवल वाटतं. मागावर नक्षी उमटवणाऱ्या जेकार्ड यंत्राचंच बघा. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथे भोक तिथे सुई आत जाते, आकडा वर उचलला जातो आणि त्याच्याबरोबर ताण्याचे धागे. जिथे भोक नाही तिथले धागे खालीच राहतात. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, प्रत्येक धाग्यामागे एक पुठ्ठा पुढे सरकतो, आणि असे शेकडो पुठ्ठे फिरून गेले की एक मोर उभा राहतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड याने १८०४च्या सुमारास हे यंत्र बसवलं. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी हीच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. माझी मुलगी हे कॉलेजात शिकून आली आणि मागासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, “पप्पा, माझ्या अभ्यासाची सुरुवात आपल्या शेडमध्ये आहे, आणि तुम्ही कधी सांगितलं नाहीत.” मलाच माहीत नव्हतं तर सांगणार काय? तिने त्यावर बोलून चित्रफीत केली, तेव्हा बंगळूरू-हैदराबादहून संगणकात काम करणाऱ्या मुलांच्या मागण्या आल्या, आणि प्रत्येकाला मोरच हवा होता.

कांडी भरणाऱ्या, म्हणजे बाण्याचं सूत कांडीवर गुंडाळणाऱ्या, आमच्या अक्का चोवीस वर्षं हे काम करतात. त्या तेलुगूत बोलल्या, खाली मराठी अक्षरं दिली. त्यांना आधी विचारलं, झालेलं चित्रण दाखवलं, आणि त्या दिवसाची वेगळी मजुरी दिली. हे मुद्दाम लिहितो, कारण कामगाराचा चेहरा न विचारता वापरायची पद्धत पडते आहे. नायनांचा फोटो पाहून मला जे वाटलं ते दुसऱ्या कुणाच्या घरात वाटू नये.

हे सगळं नवीन आहे असंही नाही. आपल्याच महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी एका कारखान्याने हे करून दाखवलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या लोखंडी नांगराने जमीन नासते अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती, म्हणजे मालाआधी माणसाशी बोलणं भाग होतं. त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्करांनी १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याचं पत्रक म्हणून जे निघालं त्याचं १९२९पासून ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि ज्या घरात नांगर नव्हता तिथेही ते वाचलं गेलं. वाचणाऱ्याला स्वतःच्या उपयोगाचं काही मिळत होतं, म्हणून त्या नावावर भरवसा बसला. आज ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून हजारो रुपयांचे वर्ग चालतात, ते सोलापूरपासून फार लांब नसलेल्या एका माळरानावर झालं होतं.

खोट्या गोष्टीचा तोटा एकट्या विकणाऱ्याला झाला असता तर मी गप्प बसलो असतो. पण सोलापुरी चादर हे एका दुकानाचं नाव नाही. महाराष्ट्रात अगदी सुरुवातीला ज्या मालाला भौगोलिक मानांकन, म्हणजे गावाचं नाव तिथल्याच मालासाठी राखणारी सरकारी नोंद, मिळालं त्यात आपली चादर आणि टेरी टॉवेल आहेत. बाहेर विणलेला हलका माल ‘सोलापुरी’ म्हणून खपतो ही आपली जुनी तक्रार. ती करायची आणि आपणच यंत्रमागाच्या मालाला हातमाग म्हणायचं, हे कुठल्या तोंडाने? हातमागाच्या खऱ्या मालासाठी २००६पासून सरकारचा ‘हँडलूम मार्क’ आहे. ज्यांच्या घरात अजून हातमाग चालतो त्यांच्या ताटातलं आपण ओढून घेतो. कायदाही स्पष्ट आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचा अभिप्राय लिहायचा नाही. त्या कंपनीने मला पन्नास ‘ग्राहकांचे अभिप्राय’ लिहून द्यायचीही तयारी दाखवली होती. वेगळे तीन हजार मागितले होते. मी दिले नाहीत, तेवढं एक बरं झालं.

नवीन सुरू करणाऱ्यांसाठी आणखी एक, कारण त्यात आमचे दोन महिने गेले. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला मेसेज ज्यांनी आपला नंबर मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. आम्ही दोनशे जणांना पाठवत होतो, पोहोचत होता वीस-तीस जणांना. आता प्रत्येक पार्सलमध्ये मुलीच्या अक्षरात एक चिठ्ठी असते : चादर कशी धुवायची ते चार ओळी, आणि खाली ‘नंबर जतन करा, रंगाबद्दल काही वाटलं तर फोटो पाठवा’. लोक खरंच पाठवतात. थंडीत पुण्याहून एकाने आपल्या आजीचा चादर पांघरलेला फोटो पाठवला. तो आम्ही त्यांना विचारूनच लावला. आमच्या पानावर एक आजी आल्या त्या अशा.

माझी विनंती यंत्रमागधारकांच्या संघटनांना आणि उद्योग खात्याला आहे. अनुदानाच्या बैठका होतात तशी आठ-दहा माग असणाऱ्यांसाठी एक शिकवणी घ्या, मराठीत आणि तेलुगूतही. गिऱ्हाइकाचे प्रश्न कसे टिपायचे, उजेडात चादर कशी धरायची, साध्या भाषेत चार ओळी कशा लिहायच्या, हे शिकवा. भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचा अर्ज तिथेच भरून घ्या. आपलं नाव त्या यादीत स्वतंत्रपणे घालावं लागतं, हेच आमच्यातल्या अनेकांना ठाऊक नाही. सोलापूरची किती तरी मुलं पुण्यात बसून दुसऱ्यांच्या साबणाच्या आणि चपलांच्या गोष्टी लिहितात, फार छान लिहितात. गड्ड्याच्या यात्रेला घरी येतील तेव्हा त्यांनी एक दुपार साखर पेठेतल्या, दाजी पेठेतल्या, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये घालवावी.

आणि संपादकसाहेब, आपल्याकडेही एक मागणं. आठवड्यातून पाव रकाना मागाच्या शब्दांना द्या. कांडी, धोटा, ताणा, बाणा, सांधणी. हे शब्द माझ्या मुलीच्या चित्रफितींखाली लिहिताना ती मला विचारते, आणि काहींचे अर्थ मलाही आईला विचारावे लागतात. नायनांचा फोटो आम्ही पुन्हा लावला आहे, आईच्या परवानगीने. खाली तिनेच सांगितलेला मजकूर आहे : ‘गिरणीत बदली कामगार. पाटल्या मोडून दोन माग घेतले.’

ज्यांना शिकायचं किंवा शिकवायचं असेल त्यांनी कुठल्याही दिवशी सकाळी आमच्या शेडमध्ये यावं. बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तासभर आठही माग बंद ठेवीन.

आपला,
एक यंत्रमागधारक,
साखर पेठ, सोलापूर