बर्फातल्या ट्रेकआधी हे विचारा
महोदय, हिवाळ्यात गोव्यातून हिमालयात ट्रेकला जाणारी मुले बुटांची, जॅकेटची चौकशी करतात, हिमस्खलनाची क्वचितच. सत्तरीचे डोंगर चढल्याचा सराव तिथे पुरत नाही. 30 ते 45 अंशांच्या उतारावर, जुन्या ठिसूळ थरावर ताजा बर्फ साचला की एका माणसाच्या वजनानेही अख्खा पट्टा सुटू शकतो, तोही निरभ्र आकाशाखाली! 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर तर गिर्यारोहणाचे प्रशिक्षणार्थीच हिमस्खलनात सापडले. गाडल्या गेलेल्याला वाचवायला जेमतेम 10-15 मिनिटे मिळतात. तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारावे: चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज पाहता का? प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडे असेल का?
— एक पालक, फोंडा